बर्फ लावला, ठणका थांबला… पण घोटा?

[पहाट. ससून डॉक.]

कुलाब्याच्या ससून डॉकवर उजाडायच्या आत बर्फाच्या लाद्या फुटतात. चुऱ्यावर मासळी पसरते, आणि कोळंबी सोलणाऱ्या बायांचे हात त्याच गारठ्यात असतात. हात बर्फाच्या पाण्यात राहिला की बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं पांढरी पडून दुखतात. मग पाच-दहा मिनिटांनी, हात तिथेच असताना, त्या थोड्या उघडतात. बोटांत ऊब येते. पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. शरीर आपली बोटं अशी वाचवू बघतं. ब्रिटिश डॉक्टर थॉमस लुईस यांनी 1930 मध्ये हे नोंदवलं.

[संध्याकाळ. परळ, मातीचं मैदान.]

कबड्डीचा सराव. चढाई करून परतताना एका पोराचा घोटा मुरगळतो. "बर्फ आणा रे कुणीतरी!" कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ येतो, ओल्या फडक्यात बांधून घोट्यावर बसतो.

आधी नुसतं गार लागतं. मग चुरचुरतं. मग असा ठणका उठतो की पोरगा पाय ओढून घेतो. थोडा धीर धरला की सगळं बधिर. थंड झालेल्या नसांतून, म्हणजे मज्जातंतूंतून, वेदनेचा निरोप सावकाश जातो, आखडलेले स्नायूही सैल पडतात. फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्या आकसल्याने आतला रक्तस्राव कमी होतो.

आणि वितळता बर्फच का? एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, आणि तोवर शून्य अंशावरच राहतो. फ्रीझरमधली जेलची पिशवी मात्र शून्याच्याही खाली गेलेली असते. ती थेट कातडीवर ठेवली तर कातडी करपते. म्हणून मध्ये फडकं, आणि एका वेळी दहा-पंधरा मिनिटं, पुरे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक नस अगदी कातडीलगत जाते. तिथे बर्फ आवळून तासभर ठेवला, तर पाऊल वर उचलता येईनासं होऊ शकतं. मधुमेहामुळे पायाची जाणीव गेली असेल, किंवा थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नये. भाजल्यावर तर बर्फ नकोच. नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं.

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, ही चौकडी अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडली. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने भरून येणं लांबू शकतं. कारण सूज आणि दाह यांच्याबरोबरच दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिथे पोचतात. चूक मान्य करणारा असा डॉक्टर मला फार मोठा वाटतो.

ठणका थांबला, तरी ताणलेला अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणारा पट्टा, तसाच असतो. उलट बधिर पावलाला आपण जमिनीवर नेमके कसे टेकलो, हेही नीट कळत नाही. दुसऱ्यांदा मुरगळण्याची भीती तिथेच असते.

[मैदानाची कड. फडक्यातून पाणी मातीत ठिबकतंय.]

"सर, आता काहीच दुखत नाही. जाऊ का?"

सर खाली बसतात, बोटाने घोटा दाबून बघतात. मग दोन विटा ओढतात आणि त्याचा पाय त्यावर ठेवतात.

"आज नाही."