डाळ दोनदा का आली?

(दृश्य: बोरघाट उतरणारी गाडी, बोगद्याचं तोंड)

शनिवारी हरिश्चंद्रगड. सहा जणांच्या फोनवर एकच यादी: दोर, टॉर्च, पातेलं, तूरडाळ अर्धा किलो. त्यांतली एक पुण्याहून मुंबईला निघालीय. घाटात बोगद्यामागून बोगदे, रेंज नाही. तेवढ्यात तिला वाटतं, अर्धा किलो पुरणार नाही, म्हणून ती 'एक किलो' करून ठेवते. त्याच वेळी ठाण्यात एकजण किराणा दुकानात उभा आहे. डाळ पिशवीत पडली, त्याने टिक केली. गाडी कर्जतला येते, रेंज येते, आणि तिचा फोन आपली ओळ सर्व्हरकडे धाडतो: 'तूरडाळ एक किलो, आणायची आहे.' ठाण्यातली टिक गेली. तिसरा यादी बघतो आणि किलोभर डाळ घेऊन येतो.

(दृश्य: दोन फोन शेजारी-शेजारी, एकच ओळ)

कामांच्या यादीचं ॲप प्रोग्रामिंग शिकणारे बहुतेक जण सरावाला करतात. ती यादी मित्रांना द्यायची म्हटलं, की खरं काम सुरू होतं.

इथे सर्व्हरने अख्खी ओळ घेतली आणि शेवटी आलं ते खरं मानलं. त्याऐवजी फोनने फक्त बदल पाठवावा: तिने वजन बदललं, त्याने टिक केली. दोन्ही सुखाने नांदतात. आता दोघांनीही वजनच बदललं तर? आधी कोण, नंतर कोण, हे फोनच्या घड्याळावरून ठरवणं धोक्याचं; कुणाचं घड्याळ पुढे असतं, कुणाचं मागे. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं, की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम त्यांच्यात गेलेल्या-आलेल्या निरोपांवरून लावता येतो. जिथे तसाही क्रम लागत नाही, तिथे नियम ॲप करणाऱ्यानेच घालून द्यायचा.

खोडणं तर त्याहून चिवट. सर्व्हरवरून 'पातेलं' साफ पुसलं, तर दिवसभर बंद असलेला एखादा फोन रात्री जागा होऊन ते परत आणून ठेवतो. म्हणून खोडलेली ओळही राहू द्यायची, 'खोडली' अशी खूण करून, फक्त कुणाला दिसू द्यायची नाही.

(दृश्य: बर्लिन, रस्ता)

या धंद्यातलं गाजलेलं नाव म्हणजे वंडरलिस्ट. बर्लिनच्या सिक्स वंडरकिंडर कंपनीने ते २०१० मध्ये आणलं. पुढे त्यांनी वंडरकिट नावाचं मोठं प्रकरण काढलं: प्रकल्प, सहकारी, चर्चा, सगळं एका जागी. २०१२ मध्येच ते गुंडाळून कंपनी पुन्हा साध्या यादीकडे वळली. माझ्या मते तिचा सर्वांत शहाणा निर्णय हाच. २०१४ मध्ये तिसरी आवृत्ती आली. एकाने टिक केली, की दुसऱ्याच्या पडद्यावर ती लगोलग दिसू लागली.

२०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. पण वंडरलिस्टचा डोलारा होता ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरांवर, आणि मायक्रोसॉफ्टचं क्लाउड स्वतःचं. शेवटी त्यांनी 'टू डू' हे वेगळंच ॲप केलं. २०१९ मध्ये संस्थापक ख्रिस्तियान रेबर यांनी ट्विटरवर जाहीरपणे वंडरलिस्ट परत मागितलं. ते काही मिळालं नाही. ६ मे २०२० रोजी वंडरलिस्ट बंद झालं. लोकांना आपल्या याद्या 'टू डू'मध्ये नेता आल्या, एवढं बरं झालं.

(दृश्य: लॅपटॉप, रात्र, चहाचा कप)

आज असं ॲप करायला बसणाऱ्याला बरंच काही आयतं मिळतं. गूगलच्या फायरस्टोअर या तयार डेटाबेसमध्ये रेंज नसतानाचे बदल फोनवर साठतात आणि रेंज आली की आपोआप वर जातात. ओळीतला एकच रकाना बदलायचीही सोय आहे. म्हणजे वजन एकीकडे, टिक एकीकडे, डाळीचा घोळ टळला. ती सोय वापरायची की अख्खी ओळ ढकलायची, हे मात्र करणाऱ्याच्या हातात.

टिक झाली की सहाही फोन वाजावेत का? कृपा करून नको.

उरलं ते प्ले स्टोअर. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे. पण वैयक्तिक खातं नवं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. आधी तर २० जण लागायचे. तेव्हा मित्रांसाठी ॲप करायचं, तर आधी मित्र गोळा करा. हरिश्चंद्रगडाचे सहा पुरणार नाहीत.