एकच पत्रा, तीन नावं: १९५७ ची शेव्हरोले

[दृश्य: सकाळचं मैदान, गवतावर दव, तीन गाड्या शेजारी शेजारी]

या तीन गाड्या बघा. तिन्ही १९५७ च्या, तिन्ही शेव्हरोले, आणि लांबून बघितलं तर सख्ख्या बहिणी वाटतात. तेच मागचे उंच पंख, बॉनेटवरचे तेच दोन लांबट उंचवटे, पुढच्या मागच्या चाकांमधलं अंतरही तेच, ११५ इंच. डावीकडची बेल एअर. मधली २१०, टू-टेन म्हणतात तिला. आणि उजवीकडची राखाडी, जिच्यापाशी सकाळपासून कोणी थांबलेलं नाही, ती १५०, म्हणजे वन-फिफ्टी.

आपण मिशिगनमधल्या फ्लिंट गावात आहोत, शेव्हरोलेच्या कारखान्यांचं गाव हे. आपल्याकडची जुनी माणसं शेवरलेट म्हणायची, कारण मुंबईत शिवडीला शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ ते १९५४, पण या गाड्या निघाल्या तोवर तो बंद झाला होता.

[दृश्य: बेल एअर, कॅमेरा पुढून मागे]

आधी हिच्याकडेच जाऊ, कारण नजर पहिली हिच्यावरच जाते. पुढच्या ग्रिलची जाळी सोनेरी. पुढच्या मडगार्डवर तीन छोट्या तिरक्या पट्ट्या, त्याही सोनेरी. आता बाजूने या, पुढच्या मडगार्डपासून निघालेली क्रोमची पट्टी मागे जाता जाता दुहेरी होते, रुंदावत जाते, आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधे बारीक रेघांचा चंदेरी अॅल्युमिनियमचा पत्रा बसवलाय, ऊन पडलं की अख्खा पंख चमकतो. छप्पर उघडणारी गाडी हवी असेल तर ती फक्त बेल एअरमधेच मिळायची. आणि नोमॅड नावाची दोन दारांची वॅगन, ती पण याच घरातली, ती तर पावणेतीन हजार डॉलरच्या घरात जायची.

[दृश्य: २१० ची बाजू]

आता मधली. पट्टीचा आकार बघा, तोच आहे, फक्त मधला अॅल्युमिनियमचा पत्रा गेला आणि त्या जागी रंग आला, बऱ्याच गाड्यांना छपराचा जो रंग तोच. ग्रिलची जाळी चंदेरी. ही घरच्या वापराची गाडी, बायकापोरं घेऊन रविवारी बाहेर पडायची.

आणि ही गंमत बघा, ही तिन्ही गाड्यांना आहे. डाव्या पंखाच्या मागच्या कडेला, टेललाइटच्या वर, क्रोमचा एक तुकडा आहे, तो मागे ओढला की आत पेट्रोलचं झाकण. पंपावर नवीन आलेला पोरगा झाकण शोधत गाडीभोवती फिरत असणार.

[दृश्य: १५०, सावकाश]

आता ही. इथे जरा थांबू.

१५० हे नाव १९५३ पासूनचं. कंपनीच्या आतल्या सिरीजचे नंबर होते १५०० आणि २१००, त्यातलं एकेक शून्य काढलं, झाली नावं. बेल एअरला मात्र छान नाव मिळालं. तसं जनरल मोटर्सचं सगळं घरच खिसा बघून बांधलेलं होतं, खाली शेव्हरोले, मग पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल, ब्यूक, वर कॅडिलॅक, आणि शेव्हरोलेच्या आतही परत तशाच तीन पायऱ्या. १५० घ्यायचे पोलीस, सरकारी खाती, कंपन्यांचे फिरते विक्रेते, आणि ज्याच्याकडे तेवढेच पैसे आहेत तो माणूस.

बाजूची पट्टी बघा, आखूड, खिडकीखालून तिरकी उतरते आणि मागे सरळ जाते, ५५ सालच्या गाड्यांची आठवण करून देणारी. काचांभोवती क्रोम नाही, नुसतं रबर. आत या. खाली रबरी मॅट. स्टिअरिंगवर हॉर्नची क्रोमची रिंग नाही, मधे साधं बटण. उन्हाची झापड एकच, ड्रायव्हरची. मागे बघा, सीट नाहीच, सपाट उंच फळी आहे, याला युटिलिटी सेडान म्हणायचे, विक्रेत्याने मालाच्या पेट्या ठेवायच्या म्हणून. त्या फळीवरचे ओरखडे दिसतायत ना, ते या गाडीच्या मालकांनी, आजोबांनी, पॉलिश करून घालवले नाहीत, त्यांच्या वडिलांच्या नमुन्यांच्या पेट्यांचे आहेत ते. ही त्या वर्षीची सगळ्यात स्वस्त शेव्हरोले, १८८५ डॉलरपासून.

पण पत्रा तोच हो. आणि बॉनेटखालीसुद्धा भेदभाव नव्हता. साधं सहा सिलिंडरचं ब्लू फ्लेम घ्या, १४० हॉर्सपॉवरचं, नाहीतर २८३ घन इंचाचं आठ सिलिंडरचं व्ही-एट घ्या, आणि फ्युएल इंजेक्शन लावून घेतलं तर तेच २८३ हॉर्सपॉवर द्यायचं, म्हणजे घन इंचाला एक, आणि हे सगळं १५० लाही मिळायचं. म्हणून तर नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीसाठी अटलांटामधे ज्या काळ्या-पांढऱ्या गाड्या तयार झाल्या, ब्लॅक विडो, त्यांच्यासाठी उचलली ती १५० च, कारण हलकी. त्या सीझनला बक बेकर शेव्हरोले चालवून ग्रँड नॅशनलचा, म्हणजे नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या मालिकेचा, चॅम्पियन झाला.

[दृश्य: गॅरेज, घासकाम]

हे आहे दुसऱ्या एका गाडीचं काम, कोणाची, कुठे, ते सांगत नाही. साध्या १५० ची बेल एअर कशी करतात ते बघा. आधी मूळची पट्टी उतरवायची. पट्टीच्या क्लिपांची भोकं वेल्डिंगने बुजवायची. मग पुट्टी, मग घासायचं, परत पुट्टी, परत घासायचं, प्रायमर. मग कागदाचा साचा लावून नवीन भोकं पाडायची, लांब पट्टी बसवायची, अॅल्युमिनियमचा पत्रा, सोनेरी जाळी, सोनेरी अक्षरं, सगळं नवीन बनवलेलं विकत मिळतं. रंगाचा शेवटचा हात बसला की चांगल्या चांगल्यांना कळत नाही.

पण डिकीतून आत हात घाला, मागच्या पत्र्यावर आतल्या बाजूने बोटं फिरवा. हे बघा, इथे. बुजवलेली भोकं बोटाला लागतात, छोट्या छोट्या गाठी.

आणि ही दुसरी खूण. ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा, बिजागरीच्या खांबावर एक पट्टी आहे, नंबरची. सुरुवातीचं अक्षर ए असेल तर १५०, बी असेल तर २१०, सी असेल तर बेल एअर. आधी व्ही असेल तर व्ही-एट. मग ५७, मग कारखान्याचं अक्षर. या गॅरेजमधल्या सोनेरी गाडीवर काय आहे वाचा: व्ही-ए.

अशी प्रत्येक वेळी एक १५० कमी होते, आणि ती परत बनत नाही. १९५८ ला नावंच बदलली, १५० च्या जागी डेलरे, २१० च्या जागी बिस्केन, बेल एअरच्या डोक्यावर इम्पाला आली.

[दृश्य: परत मैदान, संध्याकाळ]

आजोबांना आज दोघांनी विचारलं, क्रोम लावून देऊ का म्हणून. दुसरी झापड बसवून देतो असंही एकजण म्हणाला. आजोबा नको म्हणाले आणि दार उघडून आम्हाला पट्टी दाखवली. रंग उडालाय, पण अक्षरं वाचता येतात.

ए, ५७, एफ. एफ म्हणजे फ्लिंट.

[दृश्य: इंजिन सुरू होतं, सहा सिलिंडरचा आवाज, आवाज तसाच ठेवा, निवेदन इथे थांबतं]