नदीचा खर्च आणि आपला वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली आपली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं मोठं जंगल आहे. गोडं आणि खारं पाणी जिथं मिसळतं, तिथं मासळीची पिल्लं वाढतात. अशा खाडीमुखांची निगा कोणाच्या पैशानं राखायची, हा प्रश्न जगभर आहे. घाण वरच्या अंगाला होते आणि भोगावं खालच्यांना लागतं, म्हणून खर्चाला पुढं कोणी येत नाही.

अमेरिकेनं २००० साली खाडीमुखांच्या पुनरुज्जीवनासाठी एक कायदा केला. एका प्रकल्पाच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा ६५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, असं त्यात ठरलं. उरलेला वाटा बाकीच्यांनी उचलायचा, पण तो रोख रकमेतच हवा असं नाही. दिलेली जमीन आणि केलेली कामंही त्या वाट्यात धरता येतात. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. ज्या गावाकडं पैसा नाही, त्यालाही त्यामुळं बरोबरीनं बसता येतं.

आपल्याकडंही वाटणी आहे. तलाव आणि पाणथळ जागांच्या राष्ट्रीय योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, असं प्रमाण आहे. निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर हे तर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. गोदावरी आणि कादवा तिथं एकत्र येतात आणि हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी उतरतात. नाशिक शहरातून नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या जे काही गोदावरीत आणून सोडतात, ते खाली याच वाटेनं जातं. त्यावर पाणवेली माजतात. म्हणून निफाडच्या पाण्याचा हिशेब नाशिकच्या नाल्यांपासून मांडायला हवा.

बांधकामाला पैसा मिळतो. खरी ओढाताण त्यानंतर सुरू होते. मलजल शुद्धीकरण केंद्र एकदा उभं राहिलं की पंपांची वीज, गाळ काढणं, पाण्याची तपासणी आणि माणसांचे पगार हा खर्च दरमहा येतो, आणि तो मुख्यतः स्थानिक संस्थेच्या गळ्यात पडतो. उद्घाटनाचा फलक लावताना या खर्चाची तरतूद कुठं केली आहे, हे कोणीतरी विचारायलाच हवं. २०२७ च्या सिंहस्थासाठी कामं निघत असताना तर ते आवर्जून विचारावं.

वाटा उचलण्याची रीत नाशिक जिल्ह्याला शिकवावी लागत नाही. बागलाणात मोसम आणि आरम नद्यांवर फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची रीत होती. बंधाऱ्याचं पाणी सगळ्यांचं, म्हणून पाट साफ करायलाही सगळ्यांनी यायचं. पाणी वाटणारा पाटकरी गावाचा माणूस असायचा. पुढं १९९० च्या दशकात ओझरला वाघाड धरणाच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पट्टी स्वतः गोळा करायची, चारीची देखभाल स्वतः करायची. ज्यांच्यापर्यंत पूर्वी पाणी पोचतच नव्हतं, त्यांनी हे केलं. आपला वाटा घातलेली माणसं त्या कामावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात, हे तिथं स्पष्ट दिसलं.

हीच रीत नदीसाठी वापरता येईल. नांदूर मध्यमेश्वरच्या काठच्या गावांनी पाणवेली काढल्या, तर त्या श्रमाची किंमत धरून ती गावाच्या वाट्यात जमा करावी. मच्छीमारांनी पाण्याचे नमुने गोळा केले, तर तेही धरावं. आणि नाशिक महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात शुद्धीकरणाच्या चालू खर्चाचा आकडा प्रत्येक केंद्रासाठी वेगळा दाखवावा. अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होईल, तेव्हा आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला या आकड्याबद्दल विचारा. निफाडच्या श्रोत्यांनी पाणवेलीचा विषय येत्या ग्रामसभेत लेखी मांडावा.

नमस्कार.