बीट रंग कधी सोडतं?

(पुण्यात विज्ञान दिनाच्या निमित्तानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी मी टेबलावर दोन काचेचे पेले मांडले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, "चहा आहे का?" चहा नाही, बीट आहे. फोडी केल्या, कापताना फुटलेल्या पेशींचा रंग धुऊन टाकला, मग निम्म्या फोडी गार पाण्यात आणि निम्म्या उकळत्या पाण्यात सोडल्या. आता बघा. गार पाणी जेमतेम गुलाबी. दुसरा पेला मात्र अमसुलाच्या सारासारखा लालभडक. पण त्यातली फोड चमच्यावर घेऊन बघा, ती अजून फोडच आहे. चोथा झालेला नाही.

म्हणजे आत काहीतरी मोडलं आणि काहीतरी उभं राहिलं. मोडले ते पडदे, उभी राहिली ती भिंत. पुस्तकात यांना प्रद्रव्यपटल आणि पेशीभित्तिका म्हणतात. आपण आज पडदा आणि भिंत म्हणू.

'फरक स्पष्ट करा' या प्रश्नानं या दोघांचं फार नुकसान केलंय. मधे उभी रेघ, इकडे वनस्पती, तिकडे प्राणी. मुलांना वाटतं, झाडाला भिंत असते आणि प्राण्याला तिच्याऐवजी पडदा. साफ चूक. पडदा सगळ्यांना असतो: बीटाला, तुम्हाला, दह्यातल्या जिवाणूलासुद्धा. भिंत त्या पडद्याच्या बाहेरून असते, आणि ती काहींनाच. झाडांची सेल्युलोजची, बुरशीची मुख्यतः कायटिन आणि ग्लुकनची, बहुतेक जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची.

दुसरा घोळ पेशीला वाड्याची उपमा देण्याचा. भिंत म्हटलं की राखण आलीच असं आपल्याला वाटतं. पण ही भिंत जाळीदार. पाणी, क्षार, साखर तिच्यातून खुशाल ये-जा करतात. अडवणारा आहे तो पडदा. स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी सात-आठ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात असे लाखभर पडदे सहज मावतील. त्यात प्रथिनांची दारं, कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही हे ठरवणारी. रॉबर्ट हूकनं १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना 'सेल' हे नाव दिलं, त्या नुसत्या रिकाम्या भिंती होत्या. राहणारे केव्हाच गेलेले!

मग भिंत हवी कशाला? संध्याकाळी मंडईत जा. कोथिंबीरवाल्या मावशी जुड्यांवर पाणी शिंपडत असतात. पाणी पडद्यातून आत शिरतं, पेशी फुगत जाते, आणि भिंत तिला एका हद्दीपुढे फुगू देत नाही. आतला हा दाब पुष्कळदा मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. त्यावर जुडी ताठ उभी राहते. आपल्या तांबड्या पेशींना भिंत नाही. त्यांना साध्या पाण्यात सोडलं तर फुगून फुटतात. म्हणून शिरेतून साधं पाणी देत नाहीत, ०.९ टक्के मिठाचं सलाइन देतात.

आता पिंपरी. १९५४ साली तिथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पिंपरीकरांची 'एचए', आणि देशातलं पेनिसिलीन तिथे बनू लागलं. पेनिसिलीन जिवाणूच्या पडद्याला हात लावत नाही. वाढत्या जिवाणूला नवी भिंत विणताना टाके घालावे लागतात, ते टाके घालणारं विकर (एन्झाइम) पेनिसिलीन अडकवून ठेवतं. भिंत विरते, पाणी आत घुसत राहतं, आणि धरून ठेवायला कुणी नसल्यामुळे पडदा फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नाही, त्यामुळे तिथे त्याला मोडायला काही सापडत नाही. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांची गोष्ट निराळी. मायकोप्लाझ्मा या भिंत नसलेल्या जिवाणूवरही पेनिसिलीन चालत नाही, त्याचं कारण हेच. विषाणूंना तर पेशीच नाही. सर्दीपडशाला अँटिबायोटिक मागणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

त्याच पिंपरीत मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं. त्या सूक्ष्मजीवाच्या नावातही पिंपरी आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. हे औषध भिंतीच्या नादी लागत नाही, पडद्यालाच भोकं पाडतं. बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, त्याला ते चिकटतं. पण आपल्या पडद्यात त्याचंच चुलतभावंड आहे, कोलेस्टेरॉल. या जातीच्या औषधांची नजर तिथे थोडी चुकते, म्हणून ती पेनिसिलीनसारखी मोकळ्या हातानं देता येत नाहीत.