माळावरचा निळा गळा

[दृश्य : सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ, मे महिना, सकाळ. दगडावर बसलेला नर सरडा.]

हा दगड गुडघ्याइतकाही उंच नाही. पण सपाट माळावर तेवढी उंचीसुद्धा मोक्याची, म्हणून ती बळकावून बसलेला हा नर सरडा जागचा हलायला तयार नाही. मान वर, पुढचे पाय ताठ. आता गळ्याकडे बघा.

[गळा उघडतो. इथे निवेदन नको, माळाचा आवाज तसाच राहू दे.]

पुढे निळा, मध्ये काळा, मागे नारिंगी. गळ्याखालची कातडीची घडी आतल्या बारीक हाडांच्या जोरावर पंख्यासारखी उघडते आणि क्षणात मिटते. उघडली की पलीकडच्या दगडावरच्या नराला दम आणि झुडपाच्या सावलीतल्या मादीला निमंत्रण. मिटली की हा मुरमात असा मिसळून जातो की कॅमेरामनला पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागतो. उन्हाळ्याची अखेर आणि पावसाची सुरुवात एवढाच यांचा हंगाम. सोलापुरात पारा ४३-४४ वर गेलेला, माणसं दारं लावून पंख्याखाली बसलेली आणि इकडे माळावर यांची भांडणं रंगात आलेली.

[दृश्य : सरडा मागच्या दोन पायांवर पळतो. हळू गतीत.]

तो पळाला. हळू गतीत पुन्हा बघा, पुढचे पाय जमिनीला लागतच नाहीत. आता चित्र इथेच थांबवू आणि मागच्या पायाची बोटं मोजू. एक, दोन, तीन, चार. बहुतेक सरड्यांना पाच असतात. पाचवं बोट नसणं ही या गटाची जुनी ओळख आणि त्या ओळखीनेच शास्त्रज्ञांना बराच काळ चकवलं.

फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने १८२९ साली पाँडिचेरीच्या अशाच चार बोटांच्या सरड्याला नाव दिलं, सिताना पॉन्टिसेरिआना. पुढे १८७० साली जर्डन या इंग्रज डॉक्टरने दख्खनमधल्या मोठ्या, भडक गळ्याच्या सरड्याला वेगळं नाव दिलं, सिताना डेक्कनेन्सिस. पण ते नाव टिकलं नाही. चार बोटं दिसली, गळ्याला पंखा दिसला, की लिहा पॉन्टिसेरिआना, असा शिरस्ताच पडला. पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरचा आणि दख्खनच्या माळावरचा, सगळे एकाच खात्यावर.

हा गुंता सुटायला २०१६ साल उजाडलं. भारतीय संशोधकांच्या एका गटाने द्वीपकल्पभरातले हे सरडे एकत्र तपासले. खवले मोजले, हाडं पाहिली, डीएनए लावून बघितला. एक नवा वंश, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट, आणि पाच नव्या प्रजाती निघाल्या. मोठ्या पंख्याच्या सरड्यांचा वंश वेगळा झाला, त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं सरडा, आपला मराठीतलाच. दोन नव्या प्रजाती या वंशातल्या, सरडा डार्विनी आणि सरडा सुपर्बा. जर्डनचं जुनं नावही वर आलं, ते आता सरडा डेक्कनेन्सिस. सुपर्बा सापडला साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या पायाशी. म्हणजे लपून बसलेला मुळीच नाही, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. नवी प्रजाती म्हटलं की आपण सह्याद्रीचं दाट जंगल आणि जळवा डोळ्यांसमोर आणतो. तिथे सापडतातच, त्यात वाद नाही. पण या सरड्यांना सावली फार लागतच नाही.

[दृश्य : प्रयोगशाळा. काचेची बरणी, चिमटा, सूक्ष्मदर्शक.]

आता सोलापुरातल्याच एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत येऊ. या बरणीतले नमुने जुने आहेत, आपण माळावर पाहिलेल्या नराला कुणी हात लावलेला नाही. अभयारण्यातून एक खवला उचलायचा म्हटलं तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे.

बरणीतला सरडा रंग हरवून बसला आहे. निळा गेला, नारिंगी गेला, राहिला मळकट तपकिरी. म्हणून रंगाची नोंद जिवंतपणीच करावी लागते, फोटोसकट. स्पिरिटमध्ये टिकतो तो आकार आणि टिकतात खवले. वर्गीकरणाचं बरंचसं काम याच खवल्यांवर चालतं.

[क्लोज अप : सुईचं टोक खवल्यावरून सरकतं.]

पोट वर करून सरडा पालथ्या बशीवर ठेवला आहे. बाजूने तिरपा उजेड, म्हणजे प्रत्येक खवल्याची कड उठून दिसते. सुईचं टोक एका खवल्यावर, मग पुढच्यावर. धडाच्या मध्याभोवती खवल्यांच्या किती ओळी, पोटावर किती, मागच्या पायाच्या चौथ्या बोटाखाली किती आडव्या पट्ट्या. जॅकार्डच्या मागावर ताणा मोजणाऱ्याला हे काम लगेच कळेल : मध्येच कुणी हाक मारली की आकडा गेला, पुन्हा पहिल्यापासून. मग बारीक लांबी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर. नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी धरायची, शेपटी वेगळी, कारण शेपटीची लांबी सरड्यागणिक फार बदलते. एका नमुन्यावर भागत नाही. नर, माद्या, पिल्लं, वेगवेगळ्या गावांचे नमुने, सगळ्यांचे आकडे तक्त्यात मांडले की मग कुठे दिसतं, की फरक एका सरड्याचा आहे की अख्ख्या प्रजातीचा.

डीएनएसाठी शेपटीचा किंवा यकृताचा तुकडा आधीच काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात. आधी का? तर शरीर टिकवायला फॉर्मलिन वापरलं की डीएनए खराब होतो. गेल्या शतकातल्या कित्येक बरण्यांची हीच अडचण आहे. प्राणी शाबूत, पण डीएनए काढणं मोठं जिकिरीचं.

[क्लोज अप : पायाला बांधलेली चिठ्ठी.]

ही चिठ्ठी पाहा. तारीख, गाव, अक्षांश-रेखांश, गोळा करणाऱ्याचं नाव. पेन्सिलीने लिहिली आहे, कारण बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी गेली की शास्त्राच्या दृष्टीने सरडा असून नसल्यासारखा.

प्राण्यांच्या नावांचा हिशोब स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून धरतात. नवं नाव द्यायचं तर एक नमुना ठरवून, जाहीर करून ठेवावा लागतो, त्याला होलोटाइप म्हणतात. १९९९ नंतर हे सक्तीचं आहे. पुढे कधीही शंका आली की त्या एका नमुन्याकडे जायचं आणि पडताळून बघायचं. असे नमुने कुणाच्या घरच्या कपाटात शोभत नाहीत. ते मुंबईला १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) असतात, १९१६ साली सुरू झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाकडे असतात, तिथल्या नोंदवहीत त्यांचा क्रमांक असतो. होलोटाइप, वर्णन आणि प्रसिद्ध झालेला शोधनिबंध, एवढं झालं की प्रजाती शास्त्राच्या लेखी जन्माला आली. माळावर ती त्याआधी किती हजार वर्षं होती, तो प्रश्न वेगळा.

[दृश्य : रात्र. बॅटरी विझते, जांभळा दिवा लागतो.]

रात्री याच माळावर दुसरी पाळी सुरू होते. हा अतिनील दिवा आहे. तो फिरवा आणि थांबा.

[विंचू हिरवा-निळा चमकतो.]

विंचवाच्या कवचातली रसायनं या प्रकाशात चमकतात. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, कवच कडक होत जातं तशी चमक येते. साध्या बॅटरीत जिथे मुरूम आणि काटक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं, तिथे आता फ्रेममध्ये तीन. मोजा, तिसरा उजवीकडे दगडाच्या फटीत आहे.

विंचवाची ओळख त्याच्या पोटाखाली असते. तिथे कंगव्यासारखे दोन अवयव, त्यांचे दात मोजायचे. नांगीच्या टोकाकडे बघून घाबरायचं काम लोक करतात, अभ्यासक आधी कंगवा बघतो. नंतर चिमट्यांवरचे अतिबारीक संवेदी केस, ते कुठे किती आहेत त्याचा नकाशा. फ्रेंच संशोधक व्हाशों याने ही पद्धत बसवून दिली, आजही तीच चालते. मोठ्या काळ्या इंगळ्यांच्या हेटेरोमेट्रस वंशाची २०२० साली अशीच फेरमांडणी झाली आणि त्यातून डेक्कनोमेट्रस, सह्याद्रीमेट्रस असे वंश वेगळे काढले गेले.

दिव्यात आता आहे तो लाल विंचू. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशिअसने याला १७९८ साली नाव दिलं. महाराष्ट्रात विंचूदंशाने होणाऱ्या मृत्यूंमागे मुख्यतः हाच असतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या गोळीचा उपचार रुजवला आणि ते मृत्यू खूप कमी झाले.

[दृश्य : पहाट. गवत, मेंढरांचा कळप, दूरवर रोपांसाठी खणलेले खड्डे.]

कुसळी, पवना, मारवेल. मध्ये तरवड, एखादी बोर, हिवर. सरकारी नकाशात अशा खुरट्या माळाचं सदर बहुतेक वेळा पडीक जमीन असं असतं. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली पहिल्यांदा निघाला, त्यातही हाच शिक्का आहे. पडीक म्हटलं की झाडं लावायला कोण नाही म्हणणार? सरड्याला बसायला दगड हवा, पळायला मोकळी जमीन हवी, अंडी घालायला मादीला उकरता येईल अशी माती हवी. खड्ड्यांच्या रांगा तुम्ही बघताच आहात. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२ वर आलं. माळढोकाचं चित्रण आमच्याकडे नाही, त्यामुळे त्याच्याविषयी इथे बोलत नाही.

[दृश्य : मोबाइलवर फोटो काढणारी मुलं.]

तुम्हाला असा सरडा दिसला तर फोटो तीन काढा. एक पूर्ण शरीराचा, बाजूने, शेपटीसकट. एक मागच्या पायाचा, बोटं मोजता येतील असा. एक गळ्याचा, नर असेल आणि त्याने उघडला तर. गावाचं नाव लिहा, नुसतं सोलापूर जिल्हा नको. दगड उलटून बघितला असेल तर तो जसा होता तसाच परत ठेवा. आणि मोबाइलमधली तारीख बरोबर आहे ना, ते एकदा तपासून घ्या.