हात धडधाकट, पेन धरलं की आखडतो

(दृश्य : नागपूरच्या महाल भागातल्या शाळेचा वर्ग. फळा, खडू.)

हे अक्षर बघा. टपोरं, एका ओळीत, काना-वेलांटी जागच्या जागी. हे सर नागपुरात बरीच वर्षं गणित शिकवतात. नाव नको म्हणाले, म्हणून आपणही त्यांना नुसतं सरच म्हणू.

(दृश्य : शिक्षकांची खोली. पेपरांचा गठ्ठा. कॅमेरा हातावर.)

आता सर सहामाहीचे पेपर घेऊन बसलेत. पहिल्या पेपरावर बरोबरची खूण नीट उमटते. दुसऱ्यावर तर्जनी पेनवर इतकी दाबली जाते, की नखाखाली पांढरं पडतं. मनगट आत वळतं, अंगठा पेनवरून सुटतो आणि लिहायला घेतलेला सातचा आकडा कागदात रुततो. सर पेन खाली ठेवतात, की हात मोकळा! त्याच हाताने चहाचा कप उचलतात, शर्टाची बटणं लावतात, वर्धा रोडच्या गर्दीतून स्कूटर काढतात.

"घरचे म्हणतात, तुम्हाले पेपर तपासायचा कंटाळा आहे. बँकेत तर पंचाईतच जी. सही जुळत नाही म्हणून चेक वापस."

याला डॉक्टर रायटर्स क्रॅम्प म्हणतात. डिस्टोनिया म्हणजे स्नायू आपोआप आखडून अवयव वळवणारा आजार; हा त्याचाच एक प्रकार, एकाच कामाला चिकटलेला. साधारणपणे एक स्नायू ओढतो तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल पडतो. इथे दोघेही एकदम ताणतात, म्हणजे बोटांतच रस्सीखेच. बिघाड हाडात नाही, नसेतही नाही. हालचाली बसवणारे मेंदूतले भाग नको त्या स्नायूंना आवरत नाहीत, आणि तेही लिहिण्यापुरतंच. फळ्यावर लिहिताना काम बरंचसं खांदा-कोपराकडे जातं, म्हणून काही जणांचं तिथे निभावतं. सगळ्यांचं नाही.

सरांनाही आधी मानेचा एक्स-रे, मग "मणक्यात गॅप आहे", मग पट्टा, मालिश, ताकदीची इंजेक्शनं असा सगळा फेरा झालाच. धंतोली-रामदासपेठेत पावलापावलावर दवाखाना आहे. पण "जरा लिहून दाखवा" असं त्यांना फार उशिरा कुणी म्हटलं. खरं तर या आजाराची मुख्य तपासणी तीच. कागद, पेन आणि बघणारा डोळा. मेंदूचा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो.

न्यूरॉलॉजिस्ट आणखी एक गंमत करून बघतात. डाव्या हाताने लिहायला लावतात आणि नजर ठेवतात उजव्यावर. टेबलावर नुसता पडलेला उजवा हात काही जणांत आपोआप वळायला लागतो. हे नाटक म्हणून करून दाखवा बरं!

पण नाटकाचा, नाहीतर मनाच्या दुबळेपणाचा शिक्का या आजारावर फार काळ होता. इटलीचे वैद्य रामाझिनी यांनी लेखनिकांच्या हाताचं हे दुखणं १७१३ मध्येच नोंदवलं होतं. तरी पुढे कित्येक वर्षं ते मानसिक मानलं गेलं. १९८२ मध्ये लंडनच्या शीही आणि मार्सडेन यांनी रुग्ण तपासून हा डिस्टोनियाच आहे असं मांडलं. चारचौघांत सही करायची वेळ आली की ताणाने त्रास वाढतो, हे खरं. पण वाढतो, सुरू होत नाही.

(दृश्य : इंजेक्शनची तयारी.)

मुळासकट बरं करणारं औषध अजून नाही. गोळ्या आहेत, पण त्यांचा गुण बेताचा, आणि तोंडाला कोरड, विसराळूपणा हे वर. जास्त भरवसा बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनवर. जो स्नायू आखडतो तो सुईने, ईएमजी यंत्र (स्नायूंतले विजेचे इशारे टिपणारं) किंवा सोनोग्राफीच्या मदतीने, नेमका शोधायचा आणि मोजका डोस द्यायचा. नसेकडून स्नायूला जाणारा इशारा त्याने कमी होतो. आठवडाभरात फरक जाणवू लागतो, साधारण तीन महिने टिकतो, मग पुन्हा सुई. डोस जास्त झाला तर काही दिवस पकडच ढिली पडते. नेदरलँड्समध्ये ४० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. खरं औषध मिळालेल्यांपैकी ७० टक्क्यांनी उपचार चालू ठेवायचं ठरवलं, खोटं इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ३२ टक्क्यांनी. रामबाण नाही, पण कामाचं आहे.

जोडीला हाताला नवं वळण लावायचं : जाड पेन, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरलेलं, मोठं, सावकाश अक्षर. "डाव्या हाताने शिका" हा फुकटचा सल्ला सर्रास मिळतो. काहींना तो फळतो, काहींच्या डाव्या हातातही तेच सुरू होतं. अगदीच हट्टी आजारात मेंदूतल्या थॅलॅमसवर शस्त्रक्रिया करतात, पण ती निवडक रुग्णांवरच.

सरांनी इंजेक्शन आणि जाड पेन दोन्ही धरलंय. पेपरांवरचे गुण आता वाचता येतात. सही अजून रुसलेलीच.

(दृश्य : अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची मुलं.)

परीक्षेला बसणाऱ्यांची अडचण याहून मोठी. यूपीएससीच्या अशाच एका उमेदवाराला लेखनिक नाकारला होता. अपंगत्व ४० टक्के भरत नाही, हे कारण. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी लेखनिकाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यासाठी सरकारी आरोग्य संस्थेतल्या वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते अर्ज भरतानाच हाताशी ठेवा. हॉल तिकीट आल्यावर सरकारी मेडिकल कॉलेजच्या रांगेत उभं राहून तारीख गाठणं कठीण.