फाटेल, पण सुटणार नाही

(देवगड बंदर, जून महिना. झड लागलेली. ओळीनं उभ्या बोटी, काहींवर निळी ताडपत्री.)

१ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींना समुद्र बंद. माशांच्या विणीचा काळ. पण किनाऱ्यावरच्या माणसाला या दोन महिन्यांत सुट्टी कसली? जाळी दुरुस्त करायची, फळ्यांच्या फटी बुजवायच्या, रंग काढायचा. आणि इंजिन उघडायचं ते याच दिवसांत.

या बोटीचं इंजिन आज साखळीवर उचललं आहे. त्याच्या खालून निघालेली ही वस्तू तळहातावर मावते. खाली लोखंडी पट्टी, वर बोल्टसाठी लोखंडी टोपी आणि दोन्हींच्या मधे काळं रबर. सगळे हिला माउंटिंग म्हणतात. इंजिनाचा सगळा भार आणि त्याची सगळी थरथर अशा मोजक्या माउंटिंगवर असते.

बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख, आपल्या हातात दोन तुकडे ठेवतात. एका हातात रबर, दुसऱ्या हातात पट्टी.

"रबर फाटूक नाय. सुटला."

पट्टी नीट पाहा. तिच्यावर रबराचा कणसुद्धा राहिलेला नाही, आणि रबर जसंच्या तसं अखंड आहे. अशा वेळी दोष रबराच्या माथी मारला जातो: माल हलका होता, रबर डुप्लिकेट होतं. मला हे अन्यायाचं वाटतं. रबरानं आपलं काम केलं. हरला तो सांधा.

(कुडाळ, औद्योगिक वसाहत. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाजतोय.)

असे सांधे तयार होतात ते अशा छोट्या शेडमध्ये. एका भिंतीला रबर मळणारी टू-रोल मिल, दुसऱ्या भिंतीला साचा दाबून धरणारा हायड्रॉलिक प्रेस, कोपऱ्यात ब्लास्टिंगची, म्हणजे कणांच्या माऱ्यानं लोखंड साफ करायची पेटी.

लोखंडाला वेल्डिंग करता येतं, रबराला येत नाही. रबराला भोक पाडून बोल्ट घातला तर जोर येताच ते तिथूनच चिरतं. म्हणून रबर आणि लोखंड यांना एकजीव करावं लागतं, आणि तेही रबर शिजत असतानाच.

शिजणं हा शब्द इथला प्रत्येक कामगार वापरतो, आणि तो योग्यच आहे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं, थंडीत कडक पडतं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांच्या लक्षात आलं की गंधक मिसळून तापवलं की रबराचा स्वभाव पालटतो. त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या गंधकाच्या गाठींनी एकमेकींना बांधल्या जातात, आणि ताणलेलं रबर परत मूळ जागी येतं. पुढे असंही दिसलं की लोखंडावर पितळेचा मुलामा असेल तर त्यातलं तांबं याच गंधकाशी संयोग पावतं आणि रबर धातूला धरून बसतं. गाड्यांच्या टायरमधल्या पोलादी तारांवर आजही तोच पितळेचा मुलामा असतो. माउंटिंगसारख्या वस्तूंसाठी मात्र १९५० च्या दशकापासून रबर आणि धातू सांधणारी डब्यातली द्रावणं आली. त्यांतला केमलॉक हा ब्रँड इतका रुळला आहे की बऱ्याच ठिकाणी कुठल्याही कंपनीच्या द्रावणाला केमलॉकच म्हणतात.

पण डबा उघडण्याआधीचं काम जास्त मोठं आहे. आपण तिथंच थांबूया.

(जवळून: हातमोजे घातलेले हात, करड्या रंगाची पट्टी.)

ही पट्टी आधी तेलातून मोकळी केली. मग तिच्यावर पोलादी कणांचा मारा केला. गंज, पापुद्रा, जुनं सगळं उडालं आणि खाली खरखरीत, एकसारखी करडी धातू उघडी पडली. त्यानंतर तिला पुन्हा पुसून घेतलं. आता या पट्टीला उघड्या हातानं शिवायचं नाही. बोटाचा तेलकट ठसा डोळ्यांना दिसणारही नाही, पण सांधा तिथून सुटेल. साच्यातून माल सहज सुटावा म्हणून काही जण सिलिकॉनचा स्प्रे मारतात. त्याचा तुषार हवेतून या पट्टीवर आला तरी तेच. ब्लास्टिंगची हवा देणाऱ्या कंप्रेसरमध्ये तेल आणि पाणी साठतं, ते वेळेवर सोडलं नाही तर स्वच्छ करणारी हवाच पट्टी घाण करते.

आणि मग कोकणातली हवा.

नुकतं ब्लास्ट केलेलं लोखंड म्हणजे सोललेली त्वचा. कोरड्या मुलखात त्याला थोडी सवड मिळते. इथं जुलैत भिंतीला ओल असते, मीठ दमट होऊन गोळा होतं, माळ्यावर ठेवलेल्या चपलांना बुरशी धरते. त्या हवेत या पट्टीवर बघता बघता तांबूस झाक येते. हातानं पुसली तरी निघेल इतकी हलकी. घाईत कुणी त्यावरच कोट मारला तर द्रावण गंजाला चिकटतं, आणि गंज लोखंडाला सोडून देतो. दुसरा धोका गारव्याचा. रात्रभर गार झालेली पट्टी सकाळी दमट शेडमध्ये आणली की थंड पाण्याच्या तांब्यासारखं तिला बाहेरून पाणी सुटतं. म्हणून इथं पट्ट्या आधी गरम करून घेतात, मगच ब्रश लागतो.

आता डबा. यातला घन भाग तळाशी बसतो. वरचं पातळ तेवढं ओतून घेतलं तर पट्टीवर नुसतं सॉल्व्हंट, म्हणजे उडून जाणारा पातळ भाग, चढेल. म्हणून तळ खरवडून, सावकाश, पुरतं ढवळायचं. पहिला कोट करड्या प्रायमरचा, ५ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तो वाळला की वरचा काळा कोट, १५ ते २५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. दोन रंग शोभेसाठी नाहीत. काळ्यातून करडं दिसलं की कुठं ब्रश पोचला नाही ते कळतं.

या द्रावणांत झायलीन, टोल्युइनसारखी सॉल्व्हंट असतात. वास डोक्यात चढतो, फुप्फुसात जातो. खिडकी उघडावी तर बाहेरची ओल आत येते, बंद ठेवावी तर वाफ कोंडते. माल सांभाळायचा की माणूस, असा पेच मालकानं कामगारावर टाकता कामा नये. वाफ ओढून नेणारा पंखा आणि चांगला मास्क यांचा खर्च हा माउंटिंगच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

(प्रेस. साच्यातून उठणारी वाफ.)

साचा १५० अंशांच्या आसपास तापलेला आहे. पट्टी आत बसली की हात भराभर चालले पाहिजेत. रबर यायला उशीर झाला तर द्रावण एकटंच शिजून जातं, आणि मग त्याला रबराशी जुळायला काही उरत नाही. रबर दाबाखाली वाहत आलं, द्रावणाला भिडलं, की दोघं एकाच वेळी शिजायला लागतात. रबरात साखळ्या बांधल्या जातात तशा द्रावणातूनही रबरात बांधल्या जातात. प्रेस उघडतो तेव्हा तिथं दोन वस्तू उरलेल्या नसतात.

हे रबर कधीकाळी झाड होतं. इथून दक्षिणेला दोडामार्ग तालुक्यात केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी रबराच्या बागा उभ्या केल्या. उजाडण्याआधी सालीवर तिरपी चीर देतात, वाटीत चीक जमतो, आम्ल घालून तो गोठवतात आणि लाटून शीट वाळत घालतात. नैसर्गिक रबर थरथर सोसण्यात फार चांगलं. मात्र डिझेल लागलं की ते फुगतं. म्हणून इंजिनाखाली तेल गळत असेल तिथं बरेचदा निओप्रीन हे कृत्रिम रबर घेतात.

खाडीवरच्या नव्या पुलाखालून जाताना खांबाच्या डोक्यावर पाहा. गर्डर (पुलाची आडवी तुळई) आणि खांब यांच्या मधे काळी चौकोनी उशी दिसते. तिच्या पोटात पोलादाचे पत्रे आहेत, रबराच्या थरांत घट्ट सांधलेले. नुसतं रबर भाराखाली बाजूंनी फुगलं असतं. पत्रे त्याला फुगू देत नाहीत, म्हणून उशी भार पेलते. आणि उन्हानं पूल लांबला तर तीच उशी जागा न सोडता तिरकी होते. माउंटिंगचीच ही थोरली बहीण.

(चाचणी. पट्टीवरून रबर उभं ओढलं जातंय.)

आता परीक्षा. नमुन्याचं रबर पट्टीपासून ९० अंशांत ओढायचं. एएसटीएम डी ४२९ या अमेरिकी चाचणी-मानकात ही पद्धत दिली आहे. किती जोर लागला हा आकडा लिहायचा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुटलेला भाग डोळ्यांनी पाहायचा. धातू उघडी पडली तर स्वच्छतेत चूक. प्रायमर आणि वरचा कोट वेगळे झाले तर वाळवण्यात किंवा ढवळण्यात. आणि पट्टीवर सगळीकडे फाटलेल्या रबराचा जाड, खडबडीत थर उरला, तर शेऱ्यात एकच अक्षर: आर. रबर फाटलं, सांधा राहिला.

आज ओढलेल्या नमुन्यावर काळा थर कोपऱ्यापर्यंत आहे. कामगार त्यावर नखानं खरवडून बघतो. निघत नाही.

मग तो भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली वही काढतो. प्रत्येक घाण्याची एक ओळ. ब्लास्टिंग किती वाजता, पहिला कोट किती वाजता, हवेतली आर्द्रता किती. बाहेर पाऊस वाढला आहे. शेवटच्या रकान्यात तो लिहितो: आर. आणि पुढच्या पट्ट्या गरम करायला ठेवतो. देवगडची बोट ऑगस्टमध्ये पाण्यात उतरायची आहे.